कबुतरांचं वारं

म्हैसूर राज्याचं नाव बदलून नुकतंच कर्नाटक झालं होतं. मी औरादच्या शाळेत बाई होते. पोरांना आरोग्याचा धडा घसा फोडून शिकवायची, पाणी उकळा, नखं कापा. आणि घरी मायच्या उशाशी कबुतरं पाळायची. आता सांगतानाही माझाच मला राग येतो.

मायला लकवा झाला होता. उजवा हात निर्जीव, तोंड वाकडं. जो येईल तो सांगायचा, लकव्याला कबुतराच्या पंखांचं वारं लागलं की माणूस उठून बसतं. मी चिटगुप्प्याच्या बाजारातून दोन जोड्या आणल्या, एस.टी.त टोपली मांडीवर घेऊन. मायच्या खाटेच्या वर खुराडं टांगलं. महिन्याभरात तिच्या उजव्या हाताची करंगळी हलली. झालं, मी आणखी चार जोड्या आणल्या. शेजारची अक्का म्हणाली, किती ही घाण. तिला मी चांगलंच फैलावर घेतलं.

रोज सकाळी वाळलेली विष्ठा खराट्यानं झाडायची मी. धूळ उडायची, माय पदर तोंडाला लावायची. धुळीचं काय एवढं, असं मला वाटायचं.

दिवाळीनंतर मायला कोरडा खोकला लागला. संध्याकाळी ताप, दोन शब्द बोलली की धाप. क्षयच असणार म्हणून माझं धाबं दणाणलं. बिदरच्या दवाखान्यात थुंकी तपासली, क्षय नव्हता. तिथं आठ दिवसांत ती नीट श्वास घ्यायला लागली. घरी आणली, तर चौथ्या दिवशी ओठ निळे. पुन्हा बिदर, पुन्हा बरी. मग डॉक्टरनं मला तिच्या खाटेपाशीच गाठलं.

"बाई, तुमच्या घरी असं काय हाय जे हितं न्हाई? कोंबड्या, कबुतरं?"

"न्हाई," मी म्हणाले.

शिकलेली बाई ना मी! माय माझ्याकडं बघत होती. डॉक्टर व्हरांड्याच्या टोकाला पोचला तेव्हा मी त्याच्यामागं धावले आणि सगळं सांगून टाकलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "ती धूळ त्यांच्या छातीत बसलीय. पुन्हा त्या खोलीत नेलात तर हितवर आणायची वेळ मिळणार न्हाई."

मी घरी जाऊन खुराडं फोडलं, कबुतरं हाकलली. दिवस मावळायच्या आत सगळी परत आढ्यावर. टोपलीत भरून चिटगुप्प्याला पाठवली, तर तिसऱ्या दिवशी त्यातली चार पुन्हा हजर. तिकडं दवाखान्यातून मायला न्यायचा निरोप आला होता. शेवटी मीच ते घर सोडलं. दुसऱ्या गल्लीत खोली घेतली, चुन्यानं रंगवली आणि मायला तिथं आणलं.

खाटेवर टेकवल्यावर मी विचारलं, "माय, तुला तरास व्हायलाता, तर बोलली कामून न्हाईस?"

"पयल्या दिसापासून जीव गुदमरायचा, बाई," ती थांबत थांबत म्हणाली. "पन तू टोपली घिऊन दारात आलीस, तवा तुझं तोंड किती हासरं होतं. कसं न्हाई म्हनू?"

मी तिच्यावर ओरडले, रडले, मग तिच्या छातीला कान लावला. आत अजून चरचर वाजत होतं. तिनं डाव्या हातानं उचलून ठेवलेला तिचा उजवा हात माझ्या डोक्यावर होता आणि त्याची करंगळी तेवढी हलत होती.