खाकी कपडे दिसताच

कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. गृहस्थ पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले. बोलत होत्या त्या बाईच. "चोरीच्या खोट्या केसमध्ये हे आत होते. निर्दोष सुटले. पण तुरुंगात मारून मारून यांच्या कानाचा पडदा फाडला. तिथल्या साहेबांवर दावा लावला, तर मारल्याचा पुरावा नाही म्हणून फेटाळला. आज अपिलाची तारीख."

"सोडणार नाही मी त्यांना," गृहस्थ म्हणाले. आवाज खणखणीत होता.

तेवढ्यात समोरून खाकी कपड्यातला एक माणूस आला. त्याला पाहताच गृहस्थ बाकावरून उतरले आणि भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसले. दोन्ही हात मानेमागे, डोकं गुडघ्यांत. कुणी चकार शब्द काढला नव्हता!

"अहो काका, काय झालं? मी पोस्टमन आहे," तो माणूस गोंधळून म्हणाला.

बाईंनी नवऱ्याचा दंड धरला. "उठा. आपण बाहेर आहोत."

माणूस सुटतो म्हणजे त्याचं नेमकं काय सुटतं? कुलूप निघतं, निकालावर 'निर्दोष' लिहून येतं, आणि गुडघे तिथेच राहतात? कुणी शिकवलं असेल हे, आणि किती मारून?

आतून पुकारा झाला. गृहस्थ उठले, त्यांनी शर्ट नीट केला. "सवय हो," माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि पुरावा मागणाऱ्या त्या दारातून ताठ मानेनं आत गेले.