महाराष्ट्राचं कासव

वर्गाच्या बहनजींनी बंगालला वाघ दिला, गुजरातला सिंह दिला आणि माझ्याकडे बघून त्या थांबल्या. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात आमच्या वर्गाला देशातले प्रांत व्हायचं होतं, आणि प्रत्येक प्रांताचा एक प्राणी ठरत होता. बनारसच्या शाळेत प्रांतांना काय तोटा! बंगाली होत्या, मारवाडी होत्या, दक्षिणेकडच्या दोघी बहिणी होत्या. आसामचं कुणी नव्हतं, पण गेंड्याचा एक मुखवटा शाळेच्या कपाटात धूळ खात पडला होता, म्हणून आसामचीही सोय झाली. राजस्थानला खरं तर उंट हवा. पण उंटाची पाठ करायची कशी हे कुणाला सुचेना, तेव्हा त्याला घोडा देऊन टाकला. महाराष्ट्राला शोभला असता तो घोडाच गेला, तिथेच माझं नशीब ठरलं.

"अपने पिताजी से पूछकर आना," बहनजी म्हणाल्या. "वो तो विद्वान हैं।"

बाबा विद्वान होतेच. पाठशाळेत संस्कृत शिकवायचे आणि समोरच्याचा उच्चार चुकला की जेवता जेवता ताटावरून बोट उगारायचे. दूधविनायकाच्या गल्लीत आमचं घराणं किती पिढ्यांपासून आहे, हे ते कुणीही न विचारता सांगत. आम्ही महाराष्ट्रीय, हे तर दिवसातून एकदा तरी ऐकू यायचंच. फक्त महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांच्या वडिलांनीही नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि घरातल्या मराठीतही हिंदी इतकी मुरलेली की कुठली कुठे संपते ते आम्हाला कळत नसे.

"मला तर मालूम नाही," बाबा म्हणाले. बाबांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. "पण पता करू. त्यात काय मुश्किल आहे?"

त्यांनी गल्लीत विचारलं. एका काकांनी हत्ती सांगितला, दुसऱ्यांनी सिंह, आणि दोघांची त्यावरून जुंपली. सिंह गेलेला आहे, हत्तीही दक्षिणेकडे गेलेला आहे, असं मी सांगून पाहिलं, पण माझं कोण ऐकणार. शेवटी कुणीतरी म्हणालं, रेल्वे कॉलनीत नुकतेच एक साहेब बदलून आलेत, थेट पुण्याकडचे. त्यांना विचारा.

बाबांनी इस्त्रीचं धोतर नेसलं आणि मला घेऊन रिक्शाने निघाले. साहेबांनी आगत-स्वागत चांगलं केलं. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, पोहे केले. मग साहेबांनी विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?"

बाबांनी कोकणातलं एक नाव घेतलं.

"अरे वा! जाणं-येणं आहे?"

"नाही. तसा मौकाच नाही आला."

"कधीच नाही?" बाई हसत म्हणाल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. "पण किती गोड बोलता हो तुम्ही! मौका काय! आमच्या मुलांना ऐकवायला पाहिजे."

बाबाही हसले. त्यांचे कान लाल झाले होते. मी बशीतल्या पोह्यांकडे बघत बसले, कारण बाबांकडे बघवेना. ज्या मराठीच्या जोरावर ते गल्लीभर मान वर करून चालायचे, ती इथे कौतुकाची गंमत झाली होती. जो प्रश्न विचारायला आलो होतो तो त्यांनी विचारलाच नाही. उलट निघताना, काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "पंधरा ऑगस्टला शाळेत हिचा कार्यक्रम आहे. ही महाराष्ट्र होणार आहे. दोघांनी जरूर यायचं."

"नक्की! आणि नेमकं काय होणार आहे?"

"ते बघायलाच या," बाबा म्हणाले.

रिक्शाने परतलो. गल्लीच्या तोंडाशी उतरलो. तिथे आमच्या मराठी मंडळींचं देऊळ आहे, आत गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेलं काळ्या दगडाचं कासव. बाबा दारात थबकले आणि आत बघत म्हणाले, "कासव. कासव हो तू."

"महाराष्ट्राचं?"

"तिथे प्रत्येक देवळात असतं. सगळीकडे." मग त्यांना हुरूप आला. कासव हातपाय आत घेतं, तशी माणसानं इंद्रियं आवरावीत आणि मगच देवापुढे जावं, असं बरंच सांगितलं. मला पटलं. बाबांनी सांगितलं म्हणजे झालंच.

आईनं वेताची मोठी टोपली उपडी करून तिला गोणपाट शिवलं. बाबांनी स्वतः बसून चुन्यानं चौकटी रंगवल्या. रेघ वाकडी गेली की पुसून पुन्हा काढायचे. एवढं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी बनारसमध्ये कुणाला सांगावी लागत नाही. त्या वर्षांत सरकारनं गंगेत कासवं सोडली होती, अर्धवट जळलेली प्रेतं खाऊन त्यांनी नदी साफ करावी म्हणून. शहरभर त्याच्या गप्पा चालत. घाटावर रोज स्नान करणाऱ्या बाबांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण देवळातलं कासव आणि नदीतलं कासव हे एकच जनावर आहे, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शाळेतल्या पोरांच्या मात्र आलं. वाघ झाला, सिंह झाला, गेंड्याला टाळ्या पडल्या. मी हातापायांवर रांगत पुढे आले, मान वर केली आणि म्हटलं, "मी महाराष्ट्र." पुढचं वाक्य तोंडात होतं, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अरे देखा, मुर्दाखोर आ गयल!"

सगळं पटांगण हसलं. बहनजींनी पदर तोंडाला लावला. मुर्दाखोर, मुर्दाखोर, असा ताल धरला गेला. मला दुसऱ्या रांगेत बाबा दिसले, त्यांच्या शेजारी आई, पलीकडे साहेब आणि बाई. साहेब बाबांच्या कानाशी वाकून काहीतरी विचारत होते. मी वाट बघितली. वाटलं, आता बाबा उठतील, पाठशाळेतल्यासारखं बोट उगारतील आणि देवळातलं कासव या सगळ्यांना समजावून सांगतील. बाबा मांडीवरच्या हातांकडे बघत होते. मग मी डोकं टोपलीच्या आत ओढून घेतलं आणि बाहेर काढलंच नाही. दोन बायकांनी मला तशीच उचलून नेलं.

साहेबांनी काय विचारलं होतं ते आईनं नंतर सांगितलं. "तुम्हाला इथलं हे माहीत होतं ना? मग आपल्या महाराष्ट्राला नेमकं हेच का दिलंत?" बाबांनी उत्तर दिलं नाही. साहेब आणि बाई लाडू न घेताच गेले. ती टोपली बाबांनी कुठे टाकली, मी विचारलं नाही. शाळेची वर्षं संपेपर्यंत मला मुर्दाखोरच म्हणत. त्याची लाज वाटायचीच, पण त्याहून जास्त लाज वाटायची ती बाबांच्या गप्प बसण्याची. एवढे विद्वान, आणि एक साधं उत्तर देता आलं नाही! देवळात जाताना मी त्या कासवाला वळसा घालून जाऊ लागले. बाबांनी ते पाहिलं होतं.

पुढे माझं लग्न साताऱ्याकडे झालं. पहिल्याच आठवड्यात सासूबाई मला कुलदैवताला घेऊन गेल्या. गाभाऱ्यासमोर फरशीत कासव. दुसऱ्या दिवशी ग्रामदैवताला नेलं. तिथेही कासव, पुष्कळ पायांनी गुळगुळीत झालेलं. घरी आल्या आल्या मी बनारसला फोन लावला.

"बाबा, इथे खरंच देवळांत कासव असतं."

 

"असतं?" बाबांनी विचारलं. "पक्कं? तू स्वतः पाहिलंस?"

"बाबा, तुम्हीच तर सांगितलं होतं. प्रत्येक देवळात, सगळीकडे."

"मी आपलं अंदाजानं बोललो होतो, बेटा. आपल्या देवळात आहे, म्हणजे तिथेही असेल, असं सोचलं." मग म्हणाले, "साहेब म्हणाले असते, छे, आमच्याकडे असलं काही नसतं, तर मी काय करणार होतो? तू समोर होतीस, तुझ्यादेखत खोटा ठरलो असतो."

मी म्हटलं, दोन्ही देवळांत मी स्वतः पाहिलं.

"असतं तर मग," बाबा म्हणाले. "तेव्हा सांगायला पाहिजे होतं मी."