धाकट्यासाठी पुस्तक

"धाकट्यासाठी पाहिजे होतं," असं म्हणत बाई माझ्या दुकानात पुस्तकं चाळायला लागायच्या. बाईंना धाकटं कोणी नव्हतं. एकुलती एक पोरगी, सातवीतली. हे अख्ख्या बदनापूरला ठाऊक होतं, आणि वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराला तर गावाच्या आधी कळतं.

बाई पहिली-दुसरीला शिकवायच्या. अशा एक बाई प्रत्येक गावात असतात, तुम्हीही पाहिल्या असतील: कडक इस्त्रीची साडी, काखेत छत्री, आणि निम्म्या गावाला अक्षरओळख करून दिल्याचा मान. माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हाताखाली वाचायला शिकली. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं. बाईंच्याच पोरीला धड एक ओळ वाचता येत नव्हती. एकदा ऐकलं की तिला पाठ व्हायचं, त्यावर तिनं इतकी वर्षं निभावून नेलं. शेवटी भरवर्गात पितळ उघडं पडलं, तेव्हा बाईंनी तिला शाळेतून काढलं. "तब्येत बरी नसते तिची. घरीच शिकवून राह्यले," असं त्या सांगायच्या.

आता घरी शिकवायचं ते कशातून? बाईंनी अंकलिपी नेली, परत आणली. मोठ्या चित्रांचं पुस्तक नेलं, तेही परत आलं. सातवीचं गाईडसुद्धा नेऊन पाहिलं. पहिलीचं पुस्तक परत आलं तेव्हा त्याला खाकी कव्हर होतं आणि वर बाईंच्या वळणदार अक्षरात 'इयत्ता सातवी' लिहिलेलं होतं. मी कव्हर काढून ते फळीवर ठेवलं. दुकानात दुसरं कोणी आलं की बाई हातातलं पुस्तक खाली ठेवून पेनांची चौकशी करायच्या, आणि मी मुकाट्यानं पेनं दाखवायचो.

एका बाजाराच्या दिवशी पोरगी सोबत आली. दुकानात दोघं-तिघं पालक उभे होते. मी आपला शहाणपणा करून पुस्तक पुढं केलं. "बाई, धाकट्यासाठी हे बघा."

"धाकटं कोणी न्हाई, काका," पोरगी म्हणाली. "मलाच पाहिजे. मला वाचता येत न्हाई."

बाईंचा चेहरा उतरला. त्या पायरीकडे वळल्या. पोरगी मात्र तिथंच उभी राहून ब्लाऊजच्या कटिंगचं पुस्तक चाळत होती.

"आई, हे घेऊ?"

"हे काय अभ्यासाचं पुस्तक आहे?"

"मंग काय बदक अन् बगळे वाचू? मी काय बारकी हाये का?"

बाईंनी ते घेतलं. कोणाकडेही न बघता पिशवीत टाकलं.

त्या पुस्तकात ब्लाऊजच्या चित्रावर रेघेरेघेला एक शब्द होता. गळा, बाही, कंबर. पोरीला शिवायची हौस, आणि शिवायचं तर वाचल्याशिवाय सुटका नाही. चित्राखालची बारीक सूचना वाचायला तिला वर्ष लागलं, पण तिनं ती वाचली. बाई सांगायला आल्या तेव्हा दुपार होती, दुकानात कोणी नव्हतं.

"पोरगी वाचून राह्यली, भाऊ."

"मंग पेढे कुठायत?"

बाई स्टुलावर बसल्या.

"माझ्या वर्गात दरसाल असं एखादं पोरगं असायचं," त्या म्हणाल्या. "मी त्याला आळशी म्हणायचे. भिंतीकडं तोंड करून उभं करायचे. माझी पोरगी तशी निघाली तर मी दुकानातलं पुस्तक न् पुस्तक धुंडाळलं. त्यांच्यासाठी एक तरी शोधलं का? मला लाज वाटते, भाऊ."

माफ करायला मी कोण? माझी पोरं भिंतीकडं उभी राहिलेली नव्हती.

पुढं बाई रिटायर झाल्या आणि औरंगाबादला लेकीकडे राहायला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी, एकटीला धीर होत नाही म्हणून, मला घेऊन त्या स्टेशनजवळच्या पंक्चरच्या दुकानात गेल्या. दुकानवाला त्यांचा जुना विद्यार्थी. बाईंना पाहताच तो ताडकन उभा राहिला, फडक्यानं हात पुसले, स्टूल पुढं केलं आणि चहा सांगितला.

बाई बसल्या नाहीत. "तुला मी लय उभं केलं भिंतीकडं," त्या म्हणाल्या. "चूक माझी होती. तू आळशी नव्हतास."

तो अवघडून हसला. "असू द्या, बाई. तुम्ही काय मुद्दाम केलं का?"

चहा आला. त्यानं स्वतःच्या हातानं कप बाईंना दिला.

"वाचता मात्र आजबी येत न्हाई मला," तो म्हणाला. "घ्या, च्या घ्या."

बाईंनी कप घेतला आणि त्या खाली बसल्या. चहा संपेस्तोवर त्यांनी मान वर केली नाही.