मूठ, ओटी आणि साहेबांची खिडकी

उजव्या हाताची मूठ आवळायची आणि डाव्या हाताने कंबरेवर दोन थापा मारायच्या. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात मॅडमचा संगणकाचा तास असाच सुरू व्हायचा. "मुठीत मावते तेवढंच! बाकीचं ओटीत."

मॅडम महागावकडच्या तांड्यावरच्या, लहानपणी आईसोबत कापूस वेचलेल्या. प्रोसेसर हातातले आकडे रजिस्टरांत धरतो आणि रजिस्टरं असतात मोजकी. ती झाली मूठ. मुठीत न मावणारं, पण लगेच लागणारं, ते कॅश मेमरीत. ती वेचलेला कापूस टाकायची कंबरेची ओटी. मोठी मेमरी म्हणजे धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा ढीग, तिथवर चालत जावं लागतं. मी शेजारच्या वर्गात शिकवायचो. मलाही हे भिंतीपलीकडूनच कळलं.

राग ठेवायची रीतही तीच. कॅन्टीनवाल्याने एकदा त्यांना वगळून सगळ्यांना चहा दिला. त्याचा चहा त्या पुन्हा कधी प्यायल्या नाहीत. मी म्हणालो, "सोडून द्या ना."

"सोडत नसते जी मी. ओटीत ठेवते."

अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

आमचे विभागप्रमुख साहेब मात्र गेले. भर वर्गात दार उघडून म्हणाले, "हे कॉलेज आहे, कापसाचं वावर नाही," आणि तो विषय मॅडमकडून काढून स्वतःकडे घेतला. करारावरच्या बाईने काय बोलावं? त्या दिवशी डोळे पुसत त्या एवढंच म्हणाल्या, "माह्या याडीचं वावर काहून आडवं आलं यायले?" याडी म्हणजे आई.

पुढे प्राचार्यपदासाठी साहेबांना समितीसमोर तास घ्यायचा होता. तेव्हा ते स्टाफरूममध्ये गोड आवाजात आले. "मॅडम, तुमचं ते मुठीचं उदाहरण सांगा ना." मॅडमनी हसत हसत सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून.

तास रंगला. समिती माना डोलवू लागली. मागच्या बाकावरून मॅडमनी हात वर केला. "सर, ओटी येवढी कामाची हाय, तर तिचं पोतंच काहून नाही करत?"

साहेब घुटमळले. "करावं की! जितकं मोठं तितकं चांगलं."

"मंग पोतं कंबरेले बांधून वेचसान कसं, सर? मोठी केली का मंदावते. लहान हाय म्हणून तर चपळ हाय."

वर्ग खदखदून हसला. निम्मी पोरं वेचणीच्या घरची. साहेबांचा चेहरा पाहून मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्यांचं प्राचार्यपद हुकलं. मॅडमचा करारही पुढे वाढला नाही.

"माहीत होतं मले," त्या खुर्चीवरची पिशवी उचलत म्हणाल्या.

मी विचारलं, "आता कुठे, नागपूर?"

"इतक्या दूर कायले? रोजच्या कामाचं जवळच ठेवा लागते."

स्टाफरूममधली त्यांची खुर्ची आता रिकामी असते. कॉलेजच्या फाटकासमोरच खोली घेऊन त्यांनी शिकवणी सुरू केली. तास सुटला की साहेबांच्याच वर्गातली पोरं रस्ता ओलांडून तिकडे जातात, आणि उघड्या दारातून वर गेलेली मूठ दिसते. साहेबांच्या केबिनची खिडकी नेमकी त्याच बाजूला आहे. भर उन्हाळ्यातही ती बंद असते.