दार लावून धुतलेले पाय

निजामाच्या राज्यात मी मिशनचा प्रचारक होतो; लोक मला मास्तर म्हणत. भोकरदनच्या आसपासची गावं माझ्याकडे होती. सकाळी बायबल काखोटीला मारून निघायचं, हसनाबादकडच्या दोन-चार वस्त्या करायच्या आणि दिवस कलताना परत फिरायचं. बोलण्यात माझा हात कुणी धरत नसे. माझी प्रार्थना ऐकून म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावत आणि ते पाहून मी प्रार्थना आणखी लांबवत असे.

घरी आलो की उंबऱ्याशी बायको तांब्या घेऊन उभी असायची. मी पाय पुढे करायचा, तिनं पाणी ओतून हातानं घोट्यापर्यंतची धूळ काढायची. आमच्याकडची ही घराघरातली रीत, ख्रिस्ती झालो म्हणून काही सुटली नव्हती. त्यात विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही. पाणी जरा जास्त गार असलं तर तेवढं मात्र लक्षात यायचं.

त्या वर्षी ज्वारीची सोंगणी, म्हणजे कापणी, लांबली होती. शुभ शुक्रवार जवळ आला होता, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी मला गावातल्या ख्रिस्ती मंडळीपुढे बायबलातला एक उतारा उलगडून सांगायचा होता: प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो. माझ्या डोक्यात दिवसरात्र तेच. बायको रोज सोंगणीला जात होती, कारण घरात दाणे यायचे ते तिच्याच कष्टाचे.

सोमवारी घरी आलो तर उंबऱ्याशी कुणी नाही. मी बाहेर उभा राहून खाकरलो. पुन्हा खाकरलो. मग ओरडलो, की दिवसभर पायपीट करून आलेल्या माणसाला या घरात पाणी तरी मिळणार आहे का. तणतणत आत गेलो तर ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा उजवा पाय भोपळ्यासारखा सुजला होता. तळव्यात कापलेल्या ज्वारीचं टोकदार धसकट घुसलं होतं. दोन दिवस झाले, म्हणाली. त्या दोन्ही संध्याकाळी तिनं माझे पाय धुतले होते, आणि ती लंगडतेय हेसुद्धा मला दिसलं नव्हतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुलीवर पाणी तापवलं, त्यात मीठ आणि कडुलिंबाचा पाला टाकला, घमेलं तिच्यापुढे ठेवलं आणि खाली बसलो. तिनं पाय ओढून घेतला.

"तुमी माझ्या पायाला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

पाय धुवायला आलेल्या प्रभूला त्याचा शिष्य पेत्रानंही हेच म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू, ते आठवून मला आनंद झाला. गुरुवारसाठी नामी दाखला आयता हाती आला होता. पण दाखला द्यायचा म्हणजे मंडळीला कळणार, की मास्तर घरी बायकोचे पाय धुतो. मी उठलो आणि दार लावून कडी घातली.

तिनं ते पाहिलं. मग स्वतःच पाय घमेल्यात ठेवला. धसकटाचा तुकडा निघेपर्यंत तिनं पदर दातात धरला होता. तळव्याला इतक्या भेगा, की पाण्यातही बोटांना खरखर लागत होती. लग्नाला कैक वर्षं झाली होती, आणि तो पाय मी पहिल्यांदाच हातात घेतला होता. माझं मन भरून आलं. प्रभू आमच्याजवळ येऊन बसला आहे असं वाटलं, आणि ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे पंच होते, मंडळीतले सगळ्यांत मानाचे. दिवस मावळायच्या आत कडी लावून काय चाललंय, असं त्यांनी बाहेरूनच विचारलं. मी घमेलं कोपऱ्यात सारलं, हात धोतराला पुसले आणि दार अर्धं उघडून उभा राहिलो.

"पाय धुऊन राह्यलो व्हतो," मी म्हणालो.

"तुमचे तुमीच? अन् बाई?"

"झोपलीय."

पंचांनी च्च् केलं. बायकांना इतकं डोक्यावर बसवू नये, असं सांगून ते गेले. आत शब्द न् शब्द ऐकू जात होता. मी वळलो तेव्हा तिनं पाय लुगड्याखाली घेतला होता. झालं आता, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पंचांच्या बायकोनं तिला चारचौघींत झाडलं. नवरा उन्हातान्हातून येतो अन् तू लोळत पडतेस. हे मला तिनं नाही, दुसऱ्याच कुणी सांगितलं. चिंधी बांधलेला पाय नुसता पुढे केला असता तरी तिथल्या तिथं सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. तिनं तो लुगड्याच्या घोळात झाकून ठेवला, कारण दाखवला असता तर मी खोटा पडलो असतो.

गुरुवारी मी बोललो, आणि फार चांगलं बोललो. पदर डोळ्यांना गेले. बायकांच्या ओळीत ती अगदी शेवटी बसली होती. घरचा दाखला मी दिला नाही. बोलता बोलता प्रभूला दगा देणाऱ्या यहूदाचं नाव आलं, आणि ध्यानात आलं, की पाय धुतले तेव्हा तो अजून उठून गेलेला नव्हता, तिथंच बसलेला होता. म्हणजे प्रभूनं त्याचेही पाय धुतले. हा उतारा मी गावोगाव सांगितला होता, दर वेळी मनात स्वतःला पेत्राशेजारी बसवून. त्या संध्याकाळी मला माझी खरी जागा दिसली आणि जीभ अडखळली. लोकांना वाटलं, मास्तर गहिवरले.

बाहेर पडताना पंच तिला म्हणाले, की ऐकलं ना बाई, सेवा म्हणतात ती ही. तिनं मान हलवली. मी शेजारीच होतो. एका वाक्याचं काम होतं. मी माझ्या वहाणा शोधत राहिलो.

घरी पोचलो तर ती माझ्याआधी लंगडत आत गेली आणि चुलीवरचं कोमट पाणी तांब्यात घेऊन आली. मला ते बघवेना. मी तिला थांबवलं. म्हणालो, नको, मी पंचांशी खोटं बोललो आणि बोल तुझ्यावर आला.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पाय पुढं करा. पानी निवून राह्यलं."

शेजारच्या ओट्यावरून पंच समाधानानं बघत होते. मी पाय पुढे केला.