कॅम्प तीनमधला शनिवारचा तास

आमच्या मुख्याध्यापकांनी मला उल्हासनगरकडे धाडलं ते माझ्या इंग्रजीमुळे नव्हे, संशयी स्वभावामुळे. इंग्रजीच्या तासाला जगाचे प्रश्न शिकवायचे आणि मुलांनी त्यांवर इंग्रजीतच बोलायचं, असा प्रयोग तिकडच्या काही शाळांत चाललाय, असं त्यांच्या कानावर आलं होतं. वाईला आमच्या शाळेत तो आणावा का, हे मी बघून यायचं होतं. "तुम्ही फसणार नाही," सर म्हणाले. फसायचं नाही असं ठरवूनच मी निघाले.

कर्जतला गाडी बदलली. वांगणीच्या पुढे भातखाचरांच्या मधोमध रंगीत इमारती दिसू लागल्या आणि त्यांच्यावर स्वस्त घरांच्या जाहिराती. जाहिरातीतलं कमळांचं तळं काही मला दिसलं नाही. बदलापूरला मावसबहीण सुनंदाकडे उतरले. तिच्या सातव्या मजल्यावरून डोंगर छान दिसतो, पण नळाच्या वेळा सांभाळण्यात तिला तो बघायला सवड नसते. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढता वाढता ती म्हणाली, "तू आलीस म्हणजे कुणाचं तरी बिंग फुटणार."

फुटलंच. दुसऱ्या दिवशी अंबरनाथच्या शाळेत वितळणाऱ्या बर्फावर तास होता. बाईंनी प्रश्न विचारला की सगळा वर्ग हात वर करी. मला आधी कौतुक वाटलं, मग दिसलं की काहींचा उजवा हात वर होता आणि काहींचा डावा, आणि बाई फक्त उजव्यांनाच उठवत होत्या. उत्तर येणाऱ्यांनी उजवा हात वर करायचा, बाकीच्यांनी डावा; हा डाव मला नवा नव्हता. मी मुद्दाम डाव्या हाताच्या एका मुलीला विचारलं, बर्फ कुठं पाहिलास? ती बाईंकडे बघून म्हणाली, "फ्रिजमध्ये." दिवसभरात ऐकलेलं तेवढंच एक खरं उत्तर. मी खुशीत परतले.

शनिवारी उल्हासनगर. शेअर रिक्षात माझ्या मांडीवर कुणाचं तरी जीन्सचं बोचकं होतं. कॅम्प नंबर तीनच्या (इथल्या वस्त्या अजून निर्वासितांच्या छावण्यांच्या नंबरांनीच ओळखतात) नाक्यावर दाल पकवान (कडक तळलेली मैद्याची पुरी, वर चण्याची डाळ आणि चिंचेची चटणी) खाल्लं. ते इतकं चांगलं होतं की डाळीत काय घालता, म्हणून मी दोनदा विचारलं. दुकानदाराने दोन्ही वेळा वेगळं सांगितलं.

शाळा गल्लीतच होती. खिडक्यांतून शिलाईच्या मशीनींची घरघर आत येत होती. गायकवाड बाई माझ्याच वयाच्या, बोलायला मऊ. मऊ बोलणाऱ्या माणसांचा मला जास्तच संशय येतो. त्यांच्या तासाचा एक नियम होता: या तासाला जे इंग्रजीत बोलू, ते या खोलीतच राहील. मुलांच्या घरी इंग्रजी कुणालाच येत नाही, त्यामुळे मुलं या तासाला घरात बोलता न येणारं बोलतात, असं त्या म्हणाल्या. मला हे फार गोड वाटलं, म्हणजे पटलं नाही.

धडा होता दूरच्या एका देशात गालिचे विणणाऱ्या मुलांचा. असं कुणी पाहिलंय का, असं बाईंनी विचारल्यावर कोमल नावाची सातवीतली मुलगी उठली. मोडक्या इंग्रजीत, शब्द शोधत तिनं सांगितलं, की तिची बहीण सोनू नववीत होती. आता मशीनवर बसते. सीझन संपला की शाळा, असं पप्पा म्हणाले होते. सीझन संपला, दुसरा लागला.

पढवलेलं असणार, मी मनात म्हटलं. म्हणून बाईंना न विचारताच मध्ये पडले. संध्याकाळी घरी आल्यावर सोनू तुझ्याशी काय बोलते?

कोमल म्हणाली, "शनिवारी काय शिकवलं, ते विचारते. मी खोटं सांगते. आज काहीच शिकवलं नाही म्हणते."

हे कुणी पढवत नाही. तरी फसले तर नाही ना, हा विचार तेव्हाही सुटला नाही.

तास सुटला तेव्हा खिडकीबाहेर एक माणूस उभा होता. कोमलचे वडील, जीन्सच्या कारखान्यातले मास्तर (इथं मास्तर म्हणजे कापड बेतून कापणारा). लेकीला घ्यायला लवकर आले होते. कोमलचा चेहरा उतरला. त्यांनी मलाच गाठलं. "मॅडम, बाहेरच्या दिसता, तुम्ही खरं सांगाल. काय बोलली ही? मला इंग्लिश नाय येत. पण सोनू आणि मशीन, एवढं तर समजतं ना."

नावाला भाषांतर नसतं, हे कोमलच्या ध्यानात आलं नव्हतं. गायकवाड बाई माझ्याकडे बघू लागल्या. खरं सांगितलं तर उद्या ही पोरही शाळेतून जाईल, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. खोटं बोलायला गेले असते तर मास्तरांनी ते तिथल्या तिथे ओळखलं असतं. माणूस माझ्याच जातकुळीचा, संशयी होता.

"धडा परदेशातल्या मुलांचा होता," मी म्हटलं. "सोनूचं काय ते कोमललाच विचारा. रागावणार नसाल तर."

त्यांनी कोमलकडे पाहिलं. ती चपलेकडे बघत मराठीत म्हणाली, "ताईला शाळेत यायचंय, पप्पा. ती तुम्हाला बोलत नाय."

मास्तर बराच वेळ बोटांवरचा निळा रंग चोळत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीचा माल निघू दे, फिर देखेंगे." आणि लेकीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालू लागले. त्या 'देखेंगे'वर माझा काडीचाही विश्वास बसला नाही.

वाईला परतल्यावर मी सरांना सांगितलं, तास सुरू करू, पण हात वर करायला लावायचे नाहीत. आता माझ्या वर्गातही तो तास होतो. मुलं गप्प बसतात, आणि पूर्वी ज्या शांततेचा मला अभिमान होता तिचाच आता संशय येतो.

दिवाळीनंतर गायकवाड बाईंना फोन केला. सोनू अजून मशीनवरच होती. मी म्हटलं, बघा, मी ओळखलंच होतं. तर त्या म्हणाल्या, मास्तर हल्ली दर शनिवारी खिडकीशी येऊन उभे राहतात, आणि परवा त्यांच्याबरोबर सोनूही होती. तास संपेपर्यंत.

"नुसती बघायला आली असेल," मी म्हटलं.

"असेल," बाई म्हणाल्या. "मी खिडकीजवळचा बाक रिकामा ठेवलाय."