जामसरच्या भाताखाचरातून गेलेली आगगाडी

"कठं हाय रं तुझी आगीनगाडी? दाव! आत्ताच्या आत्ता दाव!"

रामजीमामा आमच्या खाचराच्या बांधावर उभे राहून असे ओरडत होते, की शिरपामाळावरची पाखरं उडून थेट सुरतेला पोचली असतील. त्यांच्या हातातल्या काठीचं टोक माझ्या छातीपासून वीतभर लांब. मी वीस वर्षांचा, धुतलेलं धोतर नेसलेला, आणि दाखवायला माझ्याकडे काही नाही... कारण जामसरला आगगाडी नव्हती. कधीच नव्हती. आजही नाही.

पुढचं सांगण्याआधी एक स्पष्ट करतो. भूत, चकवा, हडळ — यातलं मी काहीही मानत नाही. आमच्याकडे रस्त्याच्या प्रत्येक वळणाला एक हडळ असते, आणि त्यातल्या निम्म्या मला नावानं ओळखतात असं मी लोकांना सांगत आलो; पण मानलं कधीच नाही. गाव मला थापाड्या म्हणतं. गावाचं चूक नाही. माझ्या एरवीच्या बोलण्यातलं निम्मं तुम्ही खुशाल वजा करा. आज जे लिहितोय त्यातलं मात्र काही वजा करू नका... फार तर डब्यांची संख्या.

संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जव्हारात राजाच्या जागी मामलेदार आला, आणि काही दिवसांनी सर्व्हेवाले आले. तीन पायांची दुर्बीण, लांबलचक साखळी आणि बैलगाडीभर खुंट्या. म्हणाले, किनाऱ्यावरच्या लाईनीला जोडणारी नवी लाईन डोंगरातून घाटावर न्यायची आहे. मी सातवी पास. साखळी ओढायच्या कामावर लागलो. तीन महिने ओढली. खुंट्या आमच्या शिवारातून अगदी सरळ रेषेत गेल्या — टोकाला लाल रंग, खाली चुना.

त्या कामात सामान पोचवायला एकदा पालघरला गेलो आणि पहिल्यांदा आगगाडी पाहिली. विरारपर्यंत विजेची, तिथून पुढे कोळशाची. आमच्या डोंगरातलं गवत आणि लाकूड त्या लाईनीवरून कधीपासून मुंबईला जात होतं. तिथल्या तबेल्यांतली घोडी आमचं गवत खाऊनच माजली, असं मी सांगत असे. पण मला नवल वाटलं ते माणसांचं. सकाळी डबा घेऊन गाडीत बसायचं, मुंबईत काम करायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी परत. रोज! सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं आमच्याकडे फक्त गुरांचं असतं.

हे सगळं मी मोखाड्याच्या बाजारात रामजीमामांना रंगवून सांगितलं. त्यांची धाकटी मुलगी जानकी मला आवडली होती आणि तिलाही मी — असं मीच धरून चाललो होतो. पण मामांचं एक दुखणं होतं. मोठी मुलगी त्यांनी डोंगरापलीकडे दिली होती. ती बाळंतपणात आजारी पडली, निरोप यायला दोन दिवस गेले, मामा चालत पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं — धाकटीला द्यायचं तर वाटेवरच्या गावात द्यायचं. सकाळी निघून संध्याकाळी परत येता यायला हवं.

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय करावं? मी म्हणालो, "मामा, गाडी आमच्या घरामागनंच जाते."

जाईल, असं म्हणायचं होतं हो... जाते, असं तोंडातून गेलं.

आणि मामा घर बघायला आले ते न कळवता, ऐन वाघबारशीच्या दिवशी, भर दुपारी.

वाघबारशीला आमच्याकडे गुराखी शिवेवर वाघोबाच्या दगडापाशी जमतात, नव्या तांदळाची खीर शिजवतात, पहिला घास वाघाला देतात. आमच्या शिवेतून जातोस, खुशाल जा, आमची गाय धरू नको — एवढं मागणं. त्या वर्षी सर्व्हेची एक खुंटी नेमकी वाघोबाच्या शेजारी ठोकलेली होती. आमच्या वाडीतले म्हातारे गुराखी, लक्ष्याबाबा, यांनी खुंटीकडे पाहिलं, लाल रंगाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ही कुणाची?"

"आगीनगाडीची, बाबा."

"शिवेतनंच जाणार ना ती? मग तिलापण घास नको? वाघाला दिला आन् तिला नाय, तर गाय धरील ना ती."

सर्व्हेतल्या साहेबानं ऐकलं असतं तर दुर्बिणीसकट खाली बसला असता. पण बाबांनी खुंटीला शेंदूर लावला, नारळ फोडला, पळसाच्या पानावर खीर ठेवली आणि हात जोडले. "आमच्या शिवेतनं ये, जा. गाय धरू नको, माणूस धरू नको."

मामा टपकले ते याच वेळी, शिवेला लागून असलेल्या आमच्या खाचराच्या बांधावर. खुंट्या पाहिल्या, रूळ दिसेनात, आणि त्यांनी आवाज चढवला. मी म्हणालो, "मामा, आज सण आहे. गाडीला सुट्टी आहे."

"सुट्टी? आन् रूळ? तेपण सुट्टीवर गेलं?"

गुराखी पोट धरून हसायला लागले. लक्ष्याबाबा म्हणाले, "व्याही, तू खीर खा आगोदर. मग मार त्याला."

"व्याही नको म्हनू! ह्या लबाडाला माझी पोर नाय द्यायची!" असं म्हणत मामा बांधावरून उतरले आणि खुंट्यांच्या ओळीत जाऊन उभे राहिले. "हितनं जाते ना? येऊ दे! मी हाय उभा!"

तेवढ्यात बैलांनी कान उभे केले.

मग पायाखालची जमीन थरथरू लागली — दूरवर जातं फिरत असावं तशी. चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यातल्या खिरीवर बारीक लाटा उठल्या. वारा नव्हता, कापणीला आलेलं भात चित्रासारखं उभं होतं. आणि डोंगरातल्या खिंडीच्या बाजूनं शिट्टी झाली. लांब, घोगरी, शेवटी तुटणारी. गावात ती शिट्टी ओळखणारा मी एकटाच होतो. माझ्या अंगावर जो काटा आला त्यावर कपडे वाळत घालता आले असते.

"मामा, बाजूला व्हा!" मी ओरडलो. स्वतःचीच थाप खरी मानून माणूस किती जोरानं ओरडतो, ते त्या दिवशी मला कळलं.

मामा हलले नाहीत. शिट्टीच्या दिशेनं तोंड करून बघत राहिले. मी पळत जाऊन त्यांना दंडाला धरून बांधावर ओढलं, आणि त्याच क्षणी भात वाकलं. सगळं नाही — खुंट्यांच्या ओळीत, दोन हात इकडे, दोन हात तिकडे, खिंडीपासून शिवेपर्यंत एकामागून एक. खटाक-खटाक, खटाक-खटाक. गरम वाफेचा झोत तोंडावर आला. कोळशाचा वास. दिसलं काहीच नाही. डोळे फाडून पाहिलं, ऊन आणि भात, बस्स. मी डबे मोजले ते बारा. लक्ष्याबाबा मरेपर्यंत नऊ म्हणत होते. तेही त्यांना आवाजावरूनच मोजावे लागले असणार, म्हणून मी वाद घातला नाही.

आवाज डोंगरात विरला. भात पुन्हा सरळ उभं राहिलं. एक लोंबी तुटली नव्हती. सगळी गुरं जागच्या जागी होती. बाबांनी खुंटीला हात जोडले, म्हणाले, "शब्दाची हाय." आणि खीर वाढायला घेतली.

मामा मात्र डावा डोळा धरून खाली बसले होते. डोळा लाल, पाणी थांबेना. पाण्यानं धुतला, फडक्यानं पुसला, काही होईना. शेवटी त्यांना घेऊन जव्हारच्या दवाखान्यात निघालो.

त्या वाटेवर मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो. सलग, एक अक्षर न फिरवता. "मामा, गाडी नाही. साखळी ओढत होतो, खुंट्या ठोकल्या, एवढंच. लाईन होईल की नाही, मलाच माहीत नाही. जानकीसाठी थाप मारली." मामा एक डोळा झाकून शेजारून चालत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी उलटली, कापसाच्या बोळ्यानं काहीतरी टिपलं आणि खिडकीपाशी उजेडात धरलं. काळा, टोकेरी कण.

"कोळसा आहे," ते म्हणाले. "गाडीत खिडकीशी बसत जाऊ नका. इंजिनाच्या तोंडाकडे तर नाहीच."

रामजीमामा जन्मात आगगाडीत बसले नव्हते. डोंगर उतरून लाईनीपर्यंतही कधी गेले नव्हते.

ती लाईन झाली नाही. सर्व्हेवाले परत आलेच नाहीत. खुंट्या वाळवीनं खाल्ल्या. उरलेल्या एकीला आम्ही बरीच वर्षं म्हैस बांधली. नंतर दर वाघबारशीला मी शिवेवर जाऊन कान देऊन बसलो, काही ऐकू आलं नाही. मुलगा शिक्षक आहे, तो म्हणतो भूकंपाचा धक्का असेल, वावटळ असेल. असेल बाबा. पण वावटळ शिट्टी मारत नाही, आणि भूकंपातून डोळ्यात कोळसा जात नाही. मला उत्तर सापडलेलं नाही. जानकी आत्ता शेजारी बसून तांदूळ निवडतेय, तिलाही नाही. ती म्हणते, तू लिही, पण बारा लिहू नको, नऊ लिही.

तर... त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर मामा डोळ्याला पट्टी लावून बसले होते. मी हिंमत करून विचारलं, "मामा, मग आता सोयरिकीचं काय?"

ते उठले, काठी घेतली, धोतर झटकलं.

"गाडी हाय," ते म्हणाले. "थांबत नाय. मी चालत येत जाईन."